वेगळं आहे हं

पांढरा रस्सा पांढरा असतो, म्हणून तो सौम्य असणार, असं मी धरून चालले होते. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला तो तसा वाटतोच. ताटात तांबड्या रश्श्याची वाटी असते, तिच्यावर लालभडक तर्री असते, आणि शेजारची पांढरी वाटी जिभेला विसावा देते. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये माझ्या अमेरिकन सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्या आणि सासरे सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे, मिनियापोलिसजवळच्या घरी राहायला आले. पहिल्याच रविवारी मी पांढरा रस्सा केला. मटणाचं अळणी, नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस, दालचिनी, लवंग. हिरव्या मिरच्या एरवी आठ-दहा घालते, त्या दिवशी चारच घातल्या. पांढरी मिरी मात्र नेहमीएवढी. तीसुद्धा तिखटात मोजायची असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सासूबाईंनी पहिला चमचा तोंडात घेतला आणि त्या थांबल्या. डोळ्यांत पाणी आलं. मी धावत जाऊन गार पाणी आणलं, तेही चुकलंच. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याने ते तोंडभर पसरतं. दूध द्यायला हवं होतं. पाणी पिऊन झाल्यावर त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘वेगळं आहे हं.’’ सासऱ्यांनी काही न बोलता वाटी संपवली, तळाशी राहिलेलं पावाने पुसून घेतलं.

या दोन्ही गोष्टींचा मी सरळ अर्थ लावला, की जेवण आवडलं. मिनेसोटात कुणी ‘वेगळं आहे’ म्हणालं तर त्याचा अर्थ ‘हे मला नको, पण तुझं मन मोडायचं नाही’ असा असतो, हे लग्नाला सात वर्षं होऊनही मी नीट ऐकलेलं नव्हतं. आणि शेतावर वाढलेला माणूस पानात टाकत नाही, हे तर मला माहीत असायलाच हवं होतं. माझ्या आजोबांच्या घरी ताटात शीत राहिलेलं चालत नसे. रिकाम्या वाटीवरून आवड ओळखायची नसते, हे मी लहानपणी शिकून पुढे विसरले होते. पुढच्या रविवारी मी तोच रस्सा पुन्हा केला.

आता जे सांगते ते सांगायला जड जातं. या दोघांच्या खाण्याबद्दल माझ्या मनात आदर नव्हता. ‘‘खाण्याची फार नाटकं आहेत गं यांची,’’ असं मी आईला फोनवर सांगत असे. त्यांच्या स्वयंपाकघरात मीठ, मिरपूड, कांद्याची पूड, रंगापुरती पापरिका आणि दालचिनी, एवढाच काय तो मसाला. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात सासूबाईंनी हॉटडिश केली होती. खाली गोमांसाचा खिमा, त्यावर मटार आणि डब्यातलं मशरूमचं दाट सूप, सगळ्यात वर किसलेल्या बटाट्याचे छोटे गोळे ओळीने लावलेले, आणि सगळं भट्टीत भाजून काढलेलं. चर्चच्या तळघरातल्या जेवणांमधून हा पदार्थ तिथे घरोघरी पोचला. त्या मशरूम सुपाला तिकडची माणसं प्रेमाने ‘ल्यूथरन बाइंडर’ म्हणतात, कारण ते सगळ्याला धरून ठेवतं. त्या जेवणात मी पर्समधून कांदा-लसूण मसाल्याची डबी काढली आणि सगळ्यांसमोर माझ्या ताटात भुरभुरली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. उलट पुढच्या वेळी माझ्या पानाशेजारी त्यांनी छोटा चमचा ठेवला होता, डबीतून मसाला काढायला. तो चमचा मी वापरला, आणि त्यामागचं मन मला दिसलं नाही.

दुसऱ्या रश्श्यानंतर नवरा म्हणाला, ‘‘आपलं जेवण राहू दे काही दिवस. चिनी, जपानी असं काहीतरी सौम्य कर.’’ मला ते पटलं. सेंट पॉलच्या युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवर व्हिएतनामी आणि मोंग लोकांची दुकानं आहेत, तिथून मी पिशव्या भरून सामान आणलं. १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित होऊन आलेले मोंग लोक या शहरात मोठ्या संख्येने स्थायिक झाले, त्यामुळे गवती चहा, ओली हळद, केळीची पानं असं सगळं भर हिवाळ्यातही मिळतं.

तिथून पुढचा पंधरवडा म्हणजे एकामागून एक चुका. थाई हिरव्या करीचा मसाला आणला, हिरवा म्हणजे लालपेक्षा कमी तिखट अशा समजुतीने. तो हिरव्या मिरच्यांचाच असतो आणि बहुतेक वेळा लालपेक्षा जहाल. मग तेरियाकी चिकन केलं. त्यात तिखटाचा कणही नव्हता, म्हणून मी निर्धास्त होते. चौघांसाठी सोया सॉस सहा मोठे चमचे. सासऱ्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, आणि साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. दिवसभराची मर्यादा तिकडे प्रौढांना २३०० मिलिग्रॅम सांगतात. म्हणजे त्यांच्या पानातल्या दीड चमच्यातच निम्म्याहून जास्त संपलं. तिखट काढून टाकलं की पदार्थ सोसेल, एवढाच विचार मी करत होते. समोरच्या माणसाच्या शरीराला काय सोसतं, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

चवानमुशी हा जपानी पदार्थ मला फार आवडतो. अंडं आणि मासळीचं हलकं सूप एकत्र फेटून वाफवतात, आत मशरूम आणि चिकनचा एखादा तुकडा. इतकं मऊ की चावायला नको. शस्त्रक्रियेनंतर सासूबाईंना भूक नव्हती, म्हणून खास त्यांच्यासाठी केलं, आणि काचेच्या ज्या वाट्यांमध्ये त्या पुडिंग लावतात त्यांतच वाढलं. काय आहे ते सांगितलं नाही, कारण मला त्यांना चकित करायचं होतं. वरून ते हुबेहूब कस्टर्ड दिसत होतं. गोड समजून त्यांनी चमचा तोंडात घातला आणि जिभेवर मासळी आणि मशरूम आलं. त्यांनी वाटी हळूच पुढे सरकवली. ‘‘वेगळं आहे हं.’’ पदार्थ सौम्यच होता. त्यांना धक्का बसला तो माझ्या न सांगण्यामुळे.

आणि मग जपानी करी जमली. ही करी जपानमध्ये मेजी काळात इंग्रजांकडून गेली, म्हणजे आपल्याकडचाच मसाला विलायतेला वळसा घालून तिथे पोचला. बाजारात तिचे चॉकलेटच्या वडीसारखे तुकडे मिळतात, पाण्यात विरघळवले की दाट, गोडसर रस्सा होतो. १९६३ मध्ये आलेल्या व्हरमाँट करीत तर सफरचंद आणि मध असतो. मुलांना चालावी म्हणूनच ती तशी केली गेली. मी सगळ्यात सौम्य प्रकार आणला. बटाटा, गाजर, कांदा, चिकन. सासऱ्यांनी दुसऱ्यांदा घेतली आणि तोंडाने मागून घेतली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘ही रविवारच्या ग्रेव्हीसारखी आहे.’’ इतके दिवस वाट पाहिलेलं कौतुक मिळालं होतं. तिथे मी थांबायला हवं होतं.

पण मला वाटलं, आता यांची जीभ हळूहळू वळवता येईल. दोन दिवसांनी पुन्हा करी केली तेव्हा मी त्यात पाव चमचा कांदा-लसूण मसाला घातला. कुणाला कळलं नाही. मग मटारच्या भातात घातला. मग सुपात. आठ दिवसांत पाव चमच्याचा एक चमचा झाला. रोज किंचित वाढवलं की सवय होते, मुलांना नाही का आपण अशीच करतो, असं मी मनाशी म्हणत होते. पण मुलांना आपण सांगून देतो, पाण्याचा पेला हातात ठेवून देतो. एके दिवशी सासूबाईंनी चमचा तोंडाशी नेताना विचारलं, ‘‘यात तिखट नाही ना?’’ मी ‘नाही’ म्हणाले. डोळ्याला डोळा देऊन म्हणाले.

त्या आठवड्यात एका रात्री दोनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले. दिवाणखान्यात दिवा होता. सासरे आरामखुर्चीत ताठ बसले होते. हातात दुधाचा पेला, शेजारी पित्तावरच्या गोळ्यांची अर्धी संपलेली गुंडाळी. मी विचारलं, बरं नाही का? ते म्हणाले, ‘‘आडवं झालं की घशाशी येतं. जुनंच आहे, काळजी करू नकोस.’’ किती दिवस असे बसता आहात? तर म्हणाले, ‘‘चार-पाच रात्री.’’ मग लगेच, ‘‘तुझ्या जेवणामुळे नाही हं. वय झालं.’’

मी तिथे उभी होते आणि मला ठाऊक होतं. कॅप्सेसिन जिभेवर भाजतं तसंच अन्ननलिकेतही भाजतं, आणि त्यांना कित्येक वर्षांपासून आम्लपित्ताचा त्रास होता. तो त्यांनी कधी जेवणाच्या टेबलावर काढला नव्हता, कारण दुसऱ्याच्या घरी आपल्या दुखण्याची चर्चा करायची नसते, अशी त्यांची शिकवण. कच्चा कांदा, टोमॅटोचा आंबट रस्सा, तळलेलं, हे सगळं ते का टाळतात हे मला त्या क्षणी समजलं. ज्याला मी नाटकं म्हणत होते ते पथ्य होतं. आणि तरीही, हे लिहायलाच हवं, त्या रात्री मी त्यांना खरं सांगितलं नाही. दिवा बारीक केला आणि झोपायला गेले. झोप लागली नाही.

सकाळी दोघांना सांगितलं. किती घातलं, केव्हापासून, सगळं. सासऱ्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘मी तुला विचारलं होतं.’’

एवढंच. दुपारी मी भात लावला होता, त्यांनी तो घेतला नाही. काठीचा आधार घेत स्वतः उठून कपाटातला सुपाचा डबा काढला, गरम केला आणि दोघांनी ते प्यायलं. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. इतकं माझ्या मनाला लागलेलं जेवण मी आजवर पाहिलेलं नाही. त्यांचा माझ्या हातावरचा विश्वास गेला होता, आणि तो जाणं योग्यच होतं.

२०२१ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांना नोबेल मिळालं तेव्हा बातमी वाचताना मला हे सगळं परत आठवलं. भाजणारी उष्णता आपल्या शरीराला नसांमधल्या ज्या संवेदकामुळे कळते, तो त्यांनी १९९७ मध्ये मिरचीतल्या कॅप्सेसिनच्या मदतीने शोधला होता. मिरीतलं पायपरीनही तोच संवेदक जागा करतं. ज्यांना सवय आहे त्यांच्या नसा हळूहळू बोथट होतात. ज्यांना नाही त्यांच्या तोंडात खरोखर चटका बसल्याचीच जाणीव होते. म्हणजे सासूबाईंना त्या पहिल्या रविवारी भाजलं होतं, आणि मी त्याला चव म्हणत होते.

सुपाच्या त्या दुपारनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझ्याकडे दोन कोरी कार्डं मागितली. पाककृती लिहायला त्या वापरतात तशी, जाड कागदाची. एकावर स्वतःचं नाव घातलं, एकावर सासऱ्यांचं, आणि म्हणाल्या, ‘‘बस. लिहू या.’’ दोन तास लागले. तेव्हा कळलं की ‘त्यांना काही चालत नाही’ हे माझं वाक्यच खोटं होतं. दोघांचं न चालणं सर्वस्वी निराळं होतं. सासूबाईंना तिखट आणि मिरी नको, पण आंबट फार आवडतं. कोथिंबीर त्यांना साबणासारखी लागते. काही लोकांना ती जन्मतःच तशी लागते, आणि मी मात्र ती प्रत्येक पदार्थावर हौसेने पेरत होते. कढीपत्ता दाताखाली आला की कागद चावल्यासारखं वाटतं, तो काढून वाढला तर त्यांची तक्रार नव्हती. बुळबुळीत काही नको, म्हणून भेंडी नाही, मऊ राहिलेलं अंडं नाही. सासऱ्यांना अंडं कसंही चालतं, मासाही चालतो, पण काटा नको, कारण दातांची कवळी. आंबट नको, तळलेलं नको, आणि रात्रीचं जेवण सहाच्या आत. हे सगळं सांगायला ती दोघं तयार होती. मी सात वर्षांत विचारलं नव्हतं.

ऑफिसात माझी एक मोंग मैत्रीण आहे. तिला मी हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, आमच्याकडे मिरची रश्श्यात नसतेच, वाटीत असते. त्यांच्याकडे बाळंतिणीला महिनाभर औषधी पाल्यात उकडलेली कोंबडी आणि गरम भात देतात, आणि घरातल्या बाकीच्यांसाठीही तसंच साधं उकडलेलं, शेजारी कुटलेल्या मिरचीची वेगळी वाटी. ज्याला हवी त्याने घ्यावी. माझ्या घरीही खर्डा वेगळाच असायचा आणि मिसळीचा कटही वरून घ्यायचा असायचा. ही गोष्ट मला परक्या बाईने सांगावी लागली.

तशी कोंबडी मी केली. सबंध कोंबडी, आल्याचे दोन काप, गवती चहाची एक जुडी ठेचून, थोडं मीठ. मंद आचेवर पाऊण तास, पाणी खळखळू द्यायचं नाही, नाहीतर मांस चिवट होतं. आलं आणि गवती चहा काढून टाकायचा, त्याच पाण्यात भात शिजवायचा. सोबत काकडी, सासूबाईंसाठी लिंबाची फोड, माझ्यासाठी मिरचीची वाटी. वाढण्याआधी मी टेबलाशी उभी राहून सगळे जिन्नस एकेक करून सांगितले. सासूबाईंनी आधी थोडंसं चाखून पाहिलं. मी बोलले ते खरं आहे ना, हे त्या तपासत होत्या. पुढचे आठ-दहा दिवस त्या तसंच करत राहिल्या आणि मी ते बघत राहिले.

त्याच आठवड्यात आईने फोनवर विचारलं, ‘‘वरणभात दिलास का गं त्यांना?’’ नव्हता दिला. तो मला पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखा वाटला नव्हता. आजाऱ्याचं आणि बाळाचं अन्न ते. आई म्हणाली, ‘‘अगं, उष्टावणाला पहिला घास त्याचाच देतो आपण. जे बाळाला सोसतं ते म्हाताऱ्याला का नाही सोसणार?’’ मग मुगाची डाळ हळद घालून मऊ शिजवली, घोटली, मीठ बेताचं, गुळाचा खडा, फोडणी नाही, हिंगही नाही. भात गुरगुट्या. वर तूप. सासूबाईंनी तूप ओळखलं ते लोण्याच्या वासावरून. त्यांच्याकडे लेफ्से करतात, उकडलेल्या बटाट्याची पातळ पोळी, तिला लोणी आणि साखर लावून गुंडाळून खातात. लेफ्सेच्या कडेचा तुकडा लोण्यात बुडवून मुलांना देतात तसं हे लागतं, असं त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी त्या रात्री पलंगावर आडवं होऊन झोप घेतली.

स्पॅमचा भात ही सासऱ्यांची मागणी. स्पॅम, म्हणजे डब्यातलं डुकराचं मांस, १९३७ मध्ये बाजारात आलं ते मिनेसोटाच्याच ऑस्टिन गावातून, आणि त्यांचं शेत तिथून तासाभरावर. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांबरोबर ते डबे पॅसिफिकभर गेले, आणि हवाई, फिलिपिन्स, ओकिनावा इथल्या लोकांनी ते आपल्या जेवणात कायमचे घेतले. मी कमी मिठाचा डबा आणला, अर्धाच वापरला, बारीक चिरून परतला, त्यात शिळा भात, मटार, अंडं. सोया सॉस एक थेंबही नाही. सासरे खाताना त्यांच्या आईबद्दल बोलले. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना आईबद्दल बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

जाण्याच्या आदल्या दिवशी तांदळाची खीर केली. वेलदोडा घालताना मी विचारलं, हा चालेल ना? सासूबाईंनी पूड हातावर घेऊन वास घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. नॉर्वेहून आलेल्या त्यांच्या आजीच्या नाताळच्या पावात वेलदोडाच असायचा. मसाला म्हणजे त्यांना नको असलेलं काहीतरी, असं मी समजत होते, आणि एक मसाला त्यांच्या घरात माझ्या कितीतरी आधीपासून होता. त्या संध्याकाळी त्यांनी मला कणीक मळून ठेवायला सांगितली. खुर्चीत बसून मी पोळी कशी लाटते ते बघत होत्या. मध्येच लाटणं मागून घेतलं आणि दोन पोळ्या त्यांनी लाटल्या. माझ्यापेक्षा पातळ.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती दोघं पुन्हा येणार होती. महिनाभर आधी मी फोन केला आणि विचारलं, काय काय करू? सासूबाईंनी यादी सांगितली. कोंबडी आणि भात, तो पिवळा मऊ भात, करी, पण दुकानातल्यासारखीच. मी लिहून घेत होते. मग त्या जरा थांबल्या.

‘‘आणि ते गोड नसलेलं कस्टर्ड,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते मला नको. मला ते अजिबात आवडलं नव्हतं.’’

सात-आठ वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच ‘नको’ म्हटलं होतं. मी ते कार्डावर लिहिलं.